पाणभुंगेऱ्याच्या मस्तकावरील इंद्रियें

पावसाळा सरल्यावर एखाद्या संथ डोहाच्या किंवा देवळापुढील कुंडाच्या कांठीं आपण कधीं बसलां असाल, तर पाण्याच्या पृष्ठावर गरगर फिरणारे काळे, चकचकीत ठिपके आपण पाहिले असतील. कधीं दहापांच, कधीं पन्नास-साठ, असे हे किडे एका जागीं जमतात आणि वेड लागल्याप्रमाणें वर्तुळें घेत सुटतात. प्रत्येकाची वाट वांकडी, प्रत्येकाचा वेग निराळा; आणि तरीहि कोणी कोणावर आदळत नाहीं. पाण्यावर हाताची सावली पडली कीं क्षणार्धांत सारा घोळका उधळतो. थोडा वेळ जाऊं द्या, कीं पुन्हां तोच फेर आणि तीच घाई.

लहानपणीं आमच्या गांवच्या कुंडावर मीं हा खेळ तासन् तास पाहिला आहे. एकदां आमच्या गुरुजींनीं आम्हां मुलांना विचारलें, “हे एकमेकांवर आपटत कां नाहींत रे?” आम्हीं एका सुरांत उत्तर दिलें, “त्यांना डोळे असतात, गुरुजी.” गुरुजी हंसले आणि म्हणाले, “मग अंधारांत काय करतात?” या प्रश्नाचें उत्तर आम्हांपाशीं नव्हतें. तें अर्धवट राहिलेलें उत्तर पुरें करण्यासाठीं आज मी या ध्वनिक्षेपकापुढें बसलों आहें. तें मिळवावयास शास्त्राला दीडशें वर्षांहून अधिक काळ लागला. एवढा विलंब कां लागला, हीच आजच्या भाषणाची कथा आहे.

प्रथम या प्राण्याची ओळख करून घेऊं. हा भुंगेऱ्यांच्या जातीचा, म्हणजे पाठीवर कठीण पंखांचें कवच असलेला कीटक होय. इंग्रजांनीं त्याला भिंगरीचें नांव दिलें. जर्मन लोक त्याला झोकांड्या खाणारा भुंगेरा म्हणतात. मी आजच्या भाषणापुरतें त्याला भोंवरकिडा म्हणेन. स्वीडनचा थोर निसर्गशास्त्रज्ञ लिनीयस यानें १७५८ सालीं आपल्या प्राणिसूचींत त्याला स्थान दिलें, तेव्हां बुडी मारणाऱ्या मोठ्या पाणभुंगेऱ्यांच्या वंशांतच त्याची गणना केली, आणि ‘पोहणारा’ अशा अर्थाचें लॅटिन नांव त्याला जोडलें. पुढें त्याचा वंश निराळा मानण्यांत आला. युरोपांतील ही जात अवघी पांच ते सात मिलिमीटर लांब, म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी असते. पण एवढ्याशा देहाचें मस्तक सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिलें कीं मनुष्य थक्क होतो.

पाहणाराला प्रथम वाटतें, याला चार डोळे आहेत! इतर कीटकांप्रमाणें याच्याहि मस्तकाच्या दोन बाजूंस दोन संयुक्त नेत्र, म्हणजे शेंकडों बारीक नेत्रिकांचे बनलेले डोळे, असतात. परंतु त्यांपैकीं प्रत्येकाचे वरचा आणि खालचा असे दोन स्वतंत्र भाग पडलेले आहेत. किडा पाण्यावर तरंगत असतांना वरचा भाग हवेंत राहतो व खालचा पाण्यांत बुडालेला असतो. एक आकाशांतून झडप घालणाऱ्या पांखराकडे पाहतो, तर दुसरा खालून वर येणाऱ्या माशाकडे. हवेंतून डोळ्यांत शिरणारा प्रकाशकिरण जितका वांकतो, तितका पाण्यांतून शिरणारा वांकत नाहीं. आपण नदींत बुडी मारून डोळे उघडले तर सारें अंधुक दिसतें, तें याच कारणानें. तेव्हां दोन जगांच्या सीमेवर राहणाराला दोन प्रकारचे डोळे लाभावेत, हें किती सोयीचें!

अशी उत्कृष्ट नेत्ररचना एकदां दृष्टीस पडल्यावर, हा प्राणी आदळत कां नाहीं, असा प्रश्न कोणाला पडावा? ज्याला चार डोळे आहेत त्याला दिसत असणारच. विद्वानांचें उत्तर आम्हां शाळकरी मुलांच्या उत्तराहून फारसें निराळें होऊं शकलें नाहीं, याचें हेंच कारण असावें. मस्तकावर नेत्रांच्या पुढें आणखी एक जोडी होती. पण ती आंखूड, जाडजूड आणि दिसावयास अगदींच बेढब. भुंगेऱ्यांच्या मस्तकावर मिशांसारखीं जीं दोन शिंगें असतात, त्यांना शास्त्रीय भाषेंत शृंगिका म्हणतात. इतर पुष्कळ भुंगेऱ्यांच्या शृंगिका लांब व सुबक असतात. भोंवरकिड्याच्या शृंगिकेचा दुसरा सांधा मात्र फुगीर असून त्याला कानाच्या पाळीसारखा एक फांटा फुटलेला असतो. त्याच्या पुढचा भाग म्हणजे एक लहानसें सोटें. सुंदर डोळ्यांपुढें या ओबडधोबड अवयवाकडे कोण लक्ष देणार?

आकारावरून कार्य ठरविण्याची ही संवय किती फसवी असते, याचा एक धडा पाणभुंगेऱ्यांनींच शास्त्रज्ञांना पूर्वीं दिला होता. युरोपांतील तळ्यांत चार-पांच सेंटिमीटर लांबीचा एक मोठा काळा पाणभुंगेरा राहतो. त्याच्या तोंडापुढें दोन लांब, सडपातळ काड्या सारख्या हलत असतात. कोणीहि म्हणेल, या याच्या शृंगिका. पण त्या शृंगिका नव्हेत. ते जबड्याचे स्पर्शक आहेत, आणि चांचपडण्याचें काम या जातींत त्यांच्याकडे आलें आहे. खऱ्या शृंगिका आंखूड, टोंकाशीं केंसाळ आणि एरवीं मस्तकाखालीं दडविलेल्या असतात. त्यांचें काय काम? जर्मन प्राणिशास्त्रज्ञ निट्श यानें १८११ सालीं या भुंगेऱ्याच्या श्वसनावर एक निबंध प्रसिद्ध करून त्याचें उत्तर दिलें. हा भुंगेरा श्वास घेण्यास वर येतो तो डोकें कलतें करून, आणि आपल्या शृंगिकेनें पाण्याचा पृष्ठभाग फोडतो. तिच्या केंसांच्या आश्रयानें हवेची एक वाट तयार होते, व त्या वाटेनें हवा त्याच्या पोटाखालच्या केंसाळ भागावर रुपेरी थरासारखी पसरते. म्हणजे ज्याला आपण ज्ञानेंद्रिय समजत होतों, तें येथें नाकपुडीचें काम करीत होतें! फ्रेंच कीटकवेत्ता लात्रेय यानें या कुळाला जें नांव दिलें, त्याचा अर्थच मुळीं ‘स्पर्शकांचीं शिंगें असणारे’ असा आहे. एका अवयवाची कामगिरी दुसऱ्यानें उचलावी, याचें याहून स्पष्ट उदाहरण क्वचित् सांपडेल.

आतां आपल्याला कांहीं काळ पाणी सोडून हवेंत जावें लागेल. कारण भोंवरकिड्याच्या त्या बेढब शृंगिकेची किल्ली प्रथम सांपडली ती डांसाच्या मस्तकावर. अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरीं ख्रिस्तोफर जॉन्स्टन नांवाचे एक वैद्य होते. त्यांनीं डांसाच्या शृंगिकेचा फुगलेला दुसरा सांधा बारकाईनें तपासला. त्यांत त्यांना मज्जातंतूंनीं गच्च भरलेली एक रचना आढळली. १८५५ सालीं तिचें वर्णन प्रसिद्ध करतांना, हें डांसाचें ऐकण्याचें साधन आहे, असें त्यांनीं म्हटलें. कालांतरानें त्या रचनेला ‘जॉन्स्टनचें इंद्रिय’ हें नांव मिळालें. पुढें १८७४ सालीं अमेरिकन पदार्थविज्ञानवेत्ते आल्फ्रेड मेयर यांनीं नर डांसाला कांचपट्टीवर चिकटवून त्याच्याजवळ निरनिराळ्या स्वरांचे नादकांटे वाजविले. सेकंदास सुमारें ५१२ कंपनें होणाऱ्या स्वराला त्याच्या शृंगिकेवरील कांहीं केंस जोरानें थरथरूं लागले. मादीच्या पंखांचा गुणगुणाट नराला शोधावा लागतो. तेव्हां हें इंद्रिय म्हणजे त्याचा कान, ही कल्पना दृढ झाली. डांसापुरती ती खरीहि आहे.

मात्र हेंच इंद्रिय इतर अनेक कीटकांच्या शृंगिकांतहि आढळूं लागलें, आणि मग अडचण उत्पन्न झाली. जे कीटक आवाज करीत नाहींत व आवाजाची पर्वाहि करीत नाहींत, त्यांना हा कान कशासाठीं? भोंवरकिड्याच्या फुगीर सांध्यांत तर तो चांगलाच वाढलेला. हा किडा काय ऐकत असेल?

हें कोडें सुटण्यासाठीं पाण्याचेंहि थोडें ज्ञान लागणार होतें, आणि तें ज्ञान किड्यांशीं कांहीं संबंध नसलेल्या एका गृहस्थानें अगोदरच मिळवून ठेविलें होतें. हे गृहस्थ म्हणजे ग्लासगोचे प्राध्यापक विल्यम टॉमसन. पुढें ते लॉर्ड केल्विन या नांवानें जगप्रसिद्ध झाले. १८७१ सालच्या उन्हाळ्यांत ते आपल्या ‘लल्ला रूख’ नांवाच्या शिडाच्या जहाजांतून स्कॉटलंडच्या किनाऱ्यानें हिंडत होते. मलच्या सामुद्रधुनींत वारा अगदीं पडला. सोबत जर्मनीचे विख्यात शास्त्रज्ञ हेल्महोल्त्स आणि टॉमसन यांचे बंधु होते. जहाज मंद गतीनें सरकत असतांना पाण्यांत सोडलेल्या मासे धरण्याच्या दोरीभोंवतीं लहानमोठ्या लाटा उठत. त्या पाहतां पाहतां या मंडळींनीं मोजमाप केलें. लाटांच्या वेगाला एक खालची मर्यादा आहे, असें टॉमसन यांनीं गणितानें काढलें होतें. पाण्याच्या पृष्ठावरील कोणतीहि लाट सेकंदाला सुमारें २३ सेंटिमीटरहून, म्हणजे आपल्या जुन्या मापानें सेकंदाला एका वितीहून, सावकाश चालूं शकत नाहीं. याहून अधिक वेगानें एखादी वस्तु पाणी कापीत गेली, तर तिच्या मागें लांब लाटा पडतात, आणि तिच्या पुढें बारीक तरंगांच्या दाट रेषा उमटतात. मोठ्या लाटांना गुरुत्वाकर्षण चालवितें. या बारीक तरंगांना चालविणारी शक्ति म्हणजे पाण्याचा पृष्ठताण. पाण्याच्या पाठीवर जणुं एक ताणलेली कातडी आहे, आणि ती स्पर्शाला थरथरते.

आतां हे दोन धागे एकत्र आणा. एकीकडे, शृंगिकेंतील सूक्ष्म हालचाल टिपणारें इंद्रिय. दुसरीकडे, थरथरणारी पाण्याची कातडी. हे धागे जोडणारा शास्त्रज्ञ जर्मन होता; त्याचें नांव फ्रीड्रिख एगर्स. १९२६ व १९२७ या दोन वर्षीं त्यानें भोंवरकिड्यावर निबंध लिहिले. त्याचें म्हणणें थोडक्यांत असें. किडा तरंगत असतांना त्याच्या शृंगिकेचा फुगीर सांधा पाण्याच्या पृष्ठावर टेकलेला असतो, आणि पुढचें सोटें हवेंत मोकळें राहतें. पाण्यावर यत्किंचित् तरंग आला, कीं टेकलेला भाग हलतो आणि मोकळा भाग मागें राहतो. दोहोंमधील हा अणुमात्र फरक जॉन्स्टनच्या इंद्रियाला कळतो. पात्राच्या कडेशीं पृष्ठभागाला आलेला बांक, शेजाऱ्यानें उठविलेली लाट, भिंतीवरून परत फिरलेली आपलीच लाट, हें सारें किडा या इंद्रियानें वाचतो. म्हणून तो आदळत नाहीं. शृंगिकाच काढून टाकल्या तर त्याचें हें कौशल्य लोपतें.

डांसाचा जो कान, तोच भोंवरकिड्याचा हात झाला! तो पाण्याला ऐकत नाहीं. अंध मनुष्य उठावाचीं अक्षरें बोटांनीं वाचतो, तसा तो पाणी चांचपून वाचतो. मला या निबंधांतील आणखी एक गोष्ट आवडते. एगर्सनें पहिल्या निबंधाच्या मथळ्यांतच या इंद्रियाचें ‘संभाव्य’ कार्य असा शब्द घातला आहे. मोठा शोध हातीं आलेला असतांना एवढा एक शब्द घालावयास मनाचा संयम लागतो.

याचें महत्त्व कळण्यास त्या काळाची आठवण ठेविली पाहिजे. वटवाघूळ अंधारांत आदळत नाहीं, हें इटलींतील स्पालान्झानीनें अठराव्या शतकाच्या अखेरीस दाखविलें होतें. पण तें आपल्याच आवाजाच्या प्रतिध्वनीवर चालतें, हें कोणास सिद्ध करतां आलें नव्हतें. त्याचा मनुष्याला ऐकूं न येणारा आवाज यंत्रानें पकडला तो पिअर्स आणि ग्रिफिन यांनीं, १९३८ सालीं. म्हणजे परत फिरलेल्या लाटेवरून वाट काढण्याची कल्पना आकाशांतील वटवाघळाविषयीं सिद्ध होण्याच्या कित्येक वर्षें आधीं डबक्यांतील एका किड्याविषयीं मांडली गेली होती.

मग डोळ्यांचें काय? या बाबतींत दुसऱ्या एका पाणभुंगेऱ्याची साक्ष फार मोलाची आहे. लिनीयसनें भोंवरकिड्याला ज्याच्या वंशांत घातलें होतें, तो बुडी मारणारा मोठा भुंगेरा उत्तम डोळ्यांचा धनी आहे. हॉलंडचे निकोलास टिनबर्गन यांनीं त्याच्यापुढें कांचेच्या नळींत बंद केलेला बेडकाचा पिल्लू-मासा हलविला. एरवीं हें त्याचें आवडतें सावज. पण भुंगेरा जागचा हलला नाहीं. उलट पाण्यांत मांसाचा नुसता अर्क सोडला, तर तो खवळून उठला, आणि वाटेंत लागेल त्या वस्तूला मिठी मारूं लागला. १९५१ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या सहजप्रवृत्तीविषयक ग्रंथांत टिनबर्गन यांनीं हें उदाहरण दिलें आहे. त्या भुंगेऱ्याला दिसत होतें, यांत शंका नाहीं. पण शिकारीच्या कामीं तो डोळ्यांना विचारीतच नव्हता. डोळा असणें निराळें आणि त्या घडीला डोळ्यावर विसंबणें निराळें. पुढें १९७३ सालीं टिनबर्गन यांना, मधमाश्यांचे अभ्यासक फॉन फ्रिश आणि कॉनराड लोरेन्झ यांजबरोबर, नोबेल पारितोषिक मिळालें.

एगर्सनंतर भोंवरकिड्याला शास्त्रज्ञांनीं सोडलें नाहीं. १९४१ सालीं, महायुद्ध ऐन भरांत असतांना, द वाइल्ड या डच संशोधकानें याच इंद्रियावर आणि किड्याच्या वर्तनांतील त्याच्या वाट्यावर निबंध लिहिला. १९६९ सालीं अमेरिकेच्या व्हान्स टकर यांनीं केल्विनच्या लाटा आणि एगर्सचा किडा यांची गांठ घालून दिली. सेकंदाला एका वितीहून अधिक वेगानें पोहणाऱ्या भोंवरकिड्यापुढें ते बारीक तरंग धांवतात, आणि समोरच्या अडथळ्यावरून परतून येऊं शकतात, हें त्यांनीं मोजमापानें पुढें मांडलें. शांत सामुद्रधुनींत त्या तिघां गृहस्थांनीं केलेली वेळकाढूपणाची मोजणी अशी अठ्ठ्याण्णव वर्षांनीं कामास आली! पुढें १९८६ सालीं बेंडेले यांनीं हा किडा दुसऱ्याचा पाठलाग करतो तो पाण्यावरील तरंगांच्या संवेदनेनें, असें प्रयोगानें दाखविलें. पाण्यांत पडून धडपडणारी माशी त्याला कशी सांपडते, याचेंहि मर्म त्यांतच आहे.

पण म्हणून त्या चार डोळ्यांना निरुपयोगी ठरवूं नका. तसें केलें तर आपण पहिलीच चूक उलट बाजूनें करूं. हाताची सावली पडतांच घोळका उधळतो, तो डोळ्यांमुळेंच. २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत असें आढळलें, कीं वरच्या डोळ्याच्या पृष्ठावर अतिसूक्ष्म अशी चक्रव्यूहासारखी नक्षी असते, व तिच्यामुळें प्रकाशाचें परावर्तन कमी होतें. खालच्या, पाण्यांतील डोळ्याचा पृष्ठभाग मात्र गुळगुळीत असतो. हवेसाठीं एक कांच आणि पाण्यासाठीं दुसरी! वर पाहणारे डोळे, खालीं पाहणारे डोळे, आणि त्या दोहोंच्या मधल्या रेषेवर पाणी वाचणारी शृंगिका, अशी ही तीन राज्यांची वांटणी एका दाण्याएवढ्या मस्तकावर झाली आहे.

श्रोतेहो, या इतिहासाकडे पाहिलें म्हणजे मला एक गोष्ट प्रकर्षानें जाणवते. डोळा पाहिला कीं पाहणें, मज्जातंतु पाहिले कीं ऐकणें, लांब काडी पाहिली कीं चांचपणें, असा प्रत्येक वेळीं आपला अंदाज झाला; कारण आपण स्वतःला माप धरून मोजीत होतों. निट्श यानें भुंगेऱ्याला श्वास घेतांना पाहिलें, एगर्सनें शृंगिका पाण्याला कोठें टेकते तें पाहिलें, टिनबर्गन यांनीं कांचेची नळी पुढें केली. प्रश्न किड्याला विचारला तेव्हांच उत्तर आलें. हें केवळ किड्यांपुरतें खरें आहे काय, याचा विचार मी आपणांवर सोपवितों.

आपल्या देशांतहि या कुळाचे अनेक प्रकार आहेत. १९८४ सालीं भारतीय प्राणिसर्वेक्षण विभागानें टी. जी. वझिरानी यांचा त्यांवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. सह्याद्रीच्या ओढ्यांत आणि डोहांत हे किडे दिसतात. एक गोष्ट मात्र ध्यानीं असूं द्या. साबणाचें पाणी मिसळलें कीं पाण्याचा पृष्ठताण उतरतो. आपल्या दृष्टीनें तें थोडें गढूळ झालेलें पाणी. पण जो पाण्याच्या पाठीवर उभा राहतो आणि तीच पाठ वाचून जगतो, त्याच्या पायांखालची भूमि आणि हातांतील पोथी आपण एकदमच काढून घेतों.

गुरुजी आज असते तर मीं त्यांना सांगितलें असतें, “अंधारांत ते पाणी वाचतात, गुरुजी.” आणि माझी खात्री आहे, ते पुन्हां हंसले असते आणि त्यांनीं पुढचा प्रश्न विचारला असता.